पंक लपवलेलं गूढ शब्दकोडं कसं सोडवायचं

साध्या शब्दकोड्यात सूत्र येतं, ‘कोकणातला बांधकामाचा दगड (२)’. आपण ‘चिरा’ लिहितो आणि पुढे जातो. गूढ शब्दकोड्यात तोच शब्द असा येतो: ‘कोकणात भिंतीत बसतो, इथे मेथीची जुडी पुढ्यात ठेवली की हाच हुकूम (२)’. दगडही चिरा आणि भाजीही चिरा. कोड्यात थीम लपवलेली असेल तर याच शब्दाला तिसरं टोक असतं. चीर या शब्दाचं अनेकवचन चिरा, इंग्रजीत ‘स्लिट्स’, आणि द स्लिट्स हा १९७६ साली लंडनमध्ये मुलींनी काढलेला पंक बँड. पंक म्हणजे वेगवान, खडबडीत रॉक संगीत. त्यांच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमचं नाव ‘कट’, म्हणजे फिरून पुन्हा चिरा. कोडेकाराने अशी सात-आठ नावं मराठीत आणून चौकटीत पेरली, की पंकचं कोडं तयार. सूत्रांत ‘पंक’ येत नाही, ‘बँड’ येत नाही, गिटारसुद्धा येत नाही.

अशा कोड्यात बहुतेक जण एकाच जागी फसतात: थीम शोधायला फार लवकर निघतात. निम्मी चौकट भरेपर्यंत थीमचा विचार करायचा नाही, असं ठरवूनच बसा. कारण पुढे ‘खोटी थीम’पाशी कळेल.

बसण्यापूर्वी

शिसपेन्सिल, खोडरबर आणि अक्षरं फिरवून बघायला एक कोरा कागद. पेनने सोडवणाऱ्यांचा रुबाब वेगळा असतो, पण थीमच्या कोड्यात निदान तीन शब्द तरी खोडावे लागतात. शब्दकोश जवळ असावा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. शब्द सुचण्यासाठी कोश उघडू नका. सुचलेल्या शब्दाला सूत्रातला अर्थ खरोखर आहे का, हे बघायला उघडा.

इंग्रजी गूढ कोड्याची चौकट बहुधा १५×१५ ची असते. मराठीत अक्षर हे एकक असल्यामुळे शब्द दोन ते पाच घरांतच संपतात, म्हणून ९×९ किंवा ११×११ पुरते. ९×९ मध्ये साधारण वीस-बावीस सूत्रं बसतात. सोलापूर-पुणे हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सोडवत असाल तर कुर्डुवाडी येईपर्यंत सगळ्या सूत्रांवरून एकदा नजर फिरलेली असावी आणि दौंडपर्यंत निम्मी चौकट भरलेली. त्याहून वेळ लागला तर लागू द्या. पहिली दोन-तीन कोडी एका बैठकीत सुटत नाहीत.

एक घर, एक अक्षर

घरात मात्रेसकट अख्खं अक्षर जातं आणि जोडाक्षरालाही एकच घर. ‘दूरदर्शन’ची घरं पाच: दू, र, द, र्श, न. शब्द उलटा वाचायचा असेल तर अक्षरांचा क्रम उलटतो, मात्रा आपापल्या अक्षरालाच चिकटून राहते. ‘काम उलटं केलं, शेतात कणीस आलं (२)’ याचं उत्तर ‘मका’. का-म, उलट म-का. इथे ‘माक’ लिहिणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अक्षरं हलवून काना जागेवरच ठेवलेला असतो.

ऱ्हस्वदीर्घाची सूट घेतलेली आहे का, हे कोड्याच्या वरच्या सूचनेत बघा. सूचना नसेल तर छेदणारा शब्द निर्णय देतो. ‘मुरंबा’ लिहायचं की ‘मुरांबा’? मधलं घर ‘रंग’ने छेदलं असेल तर पहिलं, ‘रांजण’ने छेदलं असेल तर दुसरं.

छेदात जोडाक्षर आलं तर सुरुवात तिथूनच करा. ‘र्श’ने संपणारे शब्द आठवा: स्पर्श, आदर्श, विमर्श, आणि लगेच दमायला होतं. ‘र’ने संपणारे आठवत बसलात तर रात्र सरेल. एका जोडाक्षराने जेवढे पर्याय गळतात तेवढे चार साध्या अक्षरांनी गळत नाहीत.

सूत्र कुठे कापायचं

बहुतेक सूत्रांत दोनच गोष्टी असतात: उत्तराचा सरळ अर्थ आणि उत्तर घडवण्याची कृती. अर्थ नेहमी सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मध्ये कधीच नाही. ‘हिंदीत सोळा, वर नदीला आलेला, चादर घ्यावी तर इथलीच (४)’. सोला अधिक पूर ही कृती, चादरीचं गाव हा अर्थ. सोपं होतं, कारण स्वल्पविरामाने कापण्याची जागा दाखवून दिली.

विरामचिन्हं नसली किंवा फसवी असली की खरं काम सुरू होतं. ‘खवळलेली गरम पाण्यातली सुसरीची बहीण (३)’. वाचताना ‘गरम पाणी’ एकत्र येतं आणि डोक्यात बंब पेटतो. कापायचं मात्र ‘गरम’च्या पुढे. ‘खवळलेली’ ही अक्षरं विस्कटण्याची खूण, ‘गरम’ हा कच्चा माल. ग-र-म फिरवा, म-ग-र. उरलेलं ‘पाण्यातली सुसरीची बहीण’ हा अर्थ. सूत्र गुळगुळीत वाचता आलं तर समजा कोडेकाराच्या मनासारखं वाचलंत. शब्दाशब्दावर अडखळत वाचा.

खुणेचे शब्द हळूहळू डोळ्यांत बसतात. विस्कटण्यासाठी खवळला, बिघडला, पिसाटला, नाचला, उधळला. उलटवण्यासाठी परतला, माघारी, उलट. उभ्या शब्दात ‘वर चढला’सुद्धा चालतं. दडवण्यासाठी आत, पोटात, काही भाग, गुपचूप. तोंड, डोकं किंवा वेस म्हणजे पहिलं अक्षर, शेपूट किंवा पाय म्हणजे शेवटचं, कंबर म्हणजे मधलं. सोलापुरात या शेवटच्या खुणेने चांगलीच गंमत होते: ‘कंबर तलाव’ वाचून आपण होटगी रोड आणि विजापूर रोडच्या भूगोलात शिरतो आणि कोडेकाराला हवं असतं तलावाच्या मधलं अक्षर, ‘ला’. ‘उलटवली तरी तशीच, सोलापूरची भाकरी (३)’ हेही त्याच जातीचं. क-ड-क दोन्हीकडून सारखंच.

तीन भाषा कानावर पडणाऱ्या शहरात एक हत्यार जास्तीचं मिळतं. ‘तेलुगूत ये म्हणाले, मराठीत निघ म्हणाले, पटावर एकेकच घर सरकतो (२)’. तेलुगूत ये म्हणजे रा, मराठीत निघ म्हणजे जा, झाला राजा. कन्नडमध्ये ‘ये’ला ‘बा’. साखर पेठेतल्या माणसाला हे सूत्र पाच सेकंदांत सुटेल, पुण्यातला कोशात शोधत बसेल.

थीमचे शब्द एकेक करून

आता पेरलेले शब्द. प्रत्येकाची रीत वेगळी आहे, म्हणून सावकाश घेऊ.

‘पाठीत भरते तिच्या पोटात कवितेचं तोंड, सीमेवर झडते ती (४)’. पाठीत भरते ती चमक. कवितेचं तोंड म्हणजे क. चमकेच्या पोटात क घातला की च-क-म-क. सीमेवर चकमक झडते. इथे चूक होते ती ‘पोटात’ला अर्थाचा भाग समजण्याची. पाठ, पोट, तोंड असे तीन अवयव ओळीने आले की माणूस दवाखान्याकडे वळतो.

‘अहल्येसारखी, नकाशा पितळी पेटीत दडवलेली (३)’. लपलेला शब्द ओळखण्याची युक्ती अशी: सूत्रात उगाच वाटणारे, कोणी बोलताना वापरणार नाही असे दोन शब्द शेजारी दिसले, की त्यांच्या सांध्यावर बोट ठेवा. नका-शा-पि-त-ळी. उत्तर शापित. लपलेला शब्द बहुधा दोन शब्दांच्या सीमेवर पसरलेला असतो. एकाच शब्दाच्या पोटात तो सापडला तर कोडेकार आळशी म्हणायचा.

‘मठ गजबजला, आत रुमाल घेऊन कोण बसलाय? (२)’. म-ठ-ग-जबजला. रुमालाने वाटसरूंचे गळे आवळणारा तो ठग.

‘मुरारीचा शत्रू फळांच्या राजाला भेटला की बरणी भरते (३)’. हे सूत्र मराठीतच होऊ शकतं, कारण त्यात संधी आहे. मुरारी म्हणजे मुर दैत्याचा अरी, म्हणून मुरारीचा शत्रू मुर. मुर अधिक आंबा, संधी करून मुरांबा. अक्षरं नुसती शेजारी ठेवलीत तर ‘मुरआंबा’ अशी चार घरं होतात आणि कंसातल्या तिनाशी जुळत नाहीत. कंसातला आकडा एकाने कमी पडत असेल तर आधी संधीचा संशय घ्या.

‘पिशवीचं तोंड, वस्तूचं शेपूट, लपवण्याची सुरुवात, परवान्याशिवाय बाळगू नका (३)’. पि, स्तू, ल. समजावण्यासारखं काही नाही.

‘जंगलाच्या तोंडाशी तू, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसेनास (२)’. जं आणि तू. इथे अनुस्वार पहिल्या अक्षराबरोबरच येतो, तो सोडून ‘जतू’ लिहू नका.

‘२०१३ साली बंद पडली, सतारीवर अजून छेडली जाते (२)’. कृती नाहीच, दोन अर्थ शेजारी ठेवलेत. उत्तर तार. सूत्र आखूड असेल आणि खुणेचा एकही शब्द सापडत नसेल, तर दोन अर्थांचा प्रकार धरून चाला.

‘आषाढीला गर्दीत शिरवेना म्हणून लांबूनच घेतलं, मुंबईत १९७२ साली सुरू झालं (५)’. दूर अधिक दर्शन.

‘दोन आडनावं एकत्र आली, मंत्र्यांच्या गाडीपुढे फडकली (२,२)’. काळे आणि झेंडे. कंसात स्वल्पविराम असेल तर उत्तर दोन शब्दांचं.

खोटी थीम

समजा तुमच्याकडे आधी चकमक, ठग आणि पिस्तूल आले. कुणालाही वाटेल, थीम पोलिसांची. मग काय होतं बघा. ‘तार’च्या दोन घरांत शेवटचा र मिळालेला असतो, तिथे ‘चोर’ सहज बसतो. ‘शापित’ची तीन घरं रिकामी असतात, तिथे ‘आरोपी’ चपखल वाटतो. सूत्राशी न जुळणारे दोन शब्द थीमच्या जोरावर आत शिरले, त्यांनी छेदणारी पाच-सहा उत्तरं बिघडवली आणि आता चूक कुठे झाली तेही सापडत नाही. वीस मिनिटांनी माणूस कोडेकाराला शिव्या देतो.

म्हणून कडक नियम: सूत्राची कृती पूर्ण जुळल्याशिवाय थीमच्या आधारावर काहीही लिहायचं नाही. थीम वाटली तर कोऱ्या कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवा, चौकटीत नको.

खरी थीम ओळखण्याची कसोटी म्हणजे बेसूर शब्द. चकमक, ठग, पिस्तूल यांच्या पंगतीत मुरांबा का? जंतू कुठून आला? असा एक शब्द सापडला की सगळी यादी कागदावर उतरवा, प्रत्येकाचं इंग्रजी करा आणि समोर ‘द’ लावून मोठ्याने वाचा. द जॅम. द क्लॅश. द डॅम्ड. एवढ्यावर पंक ऐकलेला माणूस उडी मारतो. न ऐकलेल्याने पुढची यादी जवळ ठेवावी.

चकमक: द क्लॅश, लंडन, १९७६. बास वाजवणाऱ्या पॉल सिमोननला हा शब्द वर्तमानपत्रात पुन्हापुन्हा दिसला म्हणून हे नाव पडलं. शब्दकोड्याला यापेक्षा चांगला बँड मिळणार नाही. शापित: द डॅम्ड. ब्रिटनमधल्या पंकची पहिली सिंगल रेकॉर्ड त्यांची, ऑक्टोबर १९७६. मुरांबा: पॉल वेलरचा द जॅम, वोकिंग गावचा. ठग: द स्ट्रँगलर्स, गिल्डफर्ड, १९७४, शब्दशः ‘गळा आवळणारे’, म्हणजे इथे कोडेकाराने एक उडी जास्त मारली आहे. पिस्तूल: सेक्स पिस्टल्सचं अर्धं नाव. तार: वायर, ज्यांच्या १९७७ च्या पहिल्या अल्बमात जेमतेम ३५ मिनिटांत २१ गाणी आहेत. जंतू: लॉस एंजेलिसचा द जर्म्स. दूरदर्शन: टेलिव्हिजन, १९७४ पासून न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात वाजवणारे. काळे झेंडे: कॅलिफोर्नियाचा ब्लॅक फ्लॅग, मूळ नाव एकवचनी आहे, इथे मराठी वळणासाठी अनेकवचन झालं. त्यांचं चिन्ह चार उभ्या काळ्या पट्ट्यांचं, तेव्हा चौकटीतल्या काळ्या घरांची मांडणी चमत्कारिक वाटली तर तिकडेही एकदा बघा.

सगळी नावं भाषांतरात उतरत नाहीत. रामोन्स किंवा बझकॉक्स यांचं मराठी काय करणार? अशी नावं येतात ती उच्चाराने किंवा आडवाटेने. ‘वायर’ आणि ‘जॅम’ हे तर मराठीत तसेच चालतात, विजेची वायर आणि सात रस्त्यावरचा ट्रॅफिक जॅम. भाषांतर आणि उच्चार अशा दोन्ही वाटांनी शोधा.

थीम कळल्यावर

आता तिचा फायदा घ्या. चौकट बहुधा अर्धा फेरा फिरवली तरी तीच दिसते, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या दोन घरांच्या शब्दासमोर खालच्या उजव्या कोपऱ्यातही दोनच घरं असतात. थीमचे शब्द अशा जोड्यांत ठेवायला कोडेकाराला आवडतं. ‘ठग’ सापडला की त्याच्या समोरच्या दोन घरांत तार, जंतू किंवा चिरा बसवून बघा आणि मगच ते सूत्र वाचा. उत्तर आधी ठरवून कृती नंतर जुळवणं, हे अनुभवी माणसं सर्रास करतात. त्यात कमीपणा नाही. कृती जुळली नाही तर मात्र खोडायचं.

मग कडा बघा. ९×९ च्या चौकटीत वरच्या ओळीत पुष्कळदा दुसरं, चौथं, सहावं आणि आठवं अशी चारच पांढरी घरं असतात, उभ्या शब्दांची पहिली अक्षरं. खालच्या ओळीत तशीच चार, शेवटची अक्षरं. या घरांना छेद नसतो, त्यामुळे कोडेकाराला तिथे आडवा संदेश लपवता येतो. इंग्रजी कोडेवाले याला ‘नीना’ म्हणतात. अमेरिकन व्यंगचित्रकार अल हर्शफेल्ड आपल्या चित्रांत मुलीचं नाव लपवायचा, त्यावरून. पंकच्या कोड्यात वर ए-क-दो-न आणि खाली ती-न-चा-र निघालं तर दचकू नका. रामोन्सचा डी डी गाण्यापूर्वी ‘वन टू थ्री फोर’ ओरडायचा आणि बाकीचे तुटून पडायचे. त्यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बमात २९ मिनिटांत १४ गाणी आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या कानाला तो ठेका फारसा परका वाटू नये. भाषांतरात न मावणारा बँड असा कडेला येऊन बसतो. ‘ए’ आणि ‘दो’ एवढंच भरलेलं असेल तरी मधली ‘क’ आणि शेवटची ‘न’ ही दोन अक्षरं फुकट मिळतात, आणि अडलेले दोन उभे शब्द सुटतात.

चौकट भरली की प्रत्येक सूत्र पुन्हा एकदा वाचा आणि एकही शब्द वापराविना उरला नाही ना, ते बघा. चांगल्या सूत्रात फालतू शब्द नसतो. एखादा उरला असेल तर बहुतेक उत्तर चुकलंय, क्वचित कोडेकार.

हातासाठी एक सूत्र ठेवतो. थीमचंच आहे, बँड लंडनचा, १९७६ चा. ऱ्हस्वदीर्घाची सूट घेतलेली आहे आणि दुसऱ्या घरात तुमची गाडी अडली तर ती त्यामुळेच:

‘“निघून जा, ही रात सरली” यात दडलेली, पानभर छापलेली (४)’.